‘फौजी असून पत्त्याला घाबरतोस?’

हे वाक्य मी पठाणकोटला ऐकलं, तेजपूरला ऐकलं, जैसलमेरकडच्या वाळूत तंबूत बसून ऐकलं आणि आता लेहमध्येही ऐकतोय. बोलणारा बदलतो, भाषा बदलते, पण प्रसंग तोच असतो. एखादा नवा पोरगा पत्त्यांच्या फडात बसलेला असतो, समोरून मोठी चाल येते, पोरगा आपल्या पानांकडे दोनदा बघतो आणि पॅक करतो. लगेच कुणीतरी सीनियर मांडीवर थाप मारून म्हणतो, "फौजी होके डर गया?" सगळे हसतात. पोरगाही हसतो, कारण न हसून करणार काय.

हा टोमणा बंद व्हायला हवा, असं माझं मत आहे. विनोद म्हणून तो खपून जातो हे मला मान्य आहे. पण त्याने जे नुकसान होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि टोमणा मारणाऱ्यांपैकी एकानेही ते भरून दिलेलं नाही. म्हणून हा लेख जरा रागाने लिहितोय. ज्यांना वाटेल की हवालदार पत्त्यांवर एवढं काय बोलतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आधी ती भीती कशी असते ते सांगतो, कारण हसणाऱ्यांनी ती नीट पाहिलेली नसते. आमच्या रेजिमेंटमध्ये सगळ्या देशातली पोरं आहेत आणि प्रत्येकजण आपापला खेळ घेऊन येतो. मल्याळी अठ्ठावीस आणि छप्पन खेळतात, पंजाबी सीप, आपली पोरं मेंढीकोट. या खेळांत पानं एकेक करून खाली पडत जातात. दोन दश्श्या गेल्या, दोन राहिल्या, एवढं तर शाळकरी पोरगंही लक्षात ठेवतं. पोकरचं तसं नाही. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये पाच पानं उघडी येतात, आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून उत्तम पाच धरायची. समोरच्याची ती दोन पानं मात्र शेवटपर्यंत झाकलेली राहतात, आणि त्याने चाल लावली की नव्या खेळाडूच्या डोक्यात त्या दोन पानांचं भूत होतं. स्वतःच्या हातात राजांची जोडी असली तर समोर एक्क्यांची जोडी दिसते. स्वतःकडे तीन गुलाम असले आणि मध्ये तीन इस्पिक आली, तर समोरचा फ्लश घेऊनच बसलाय अशी खात्री होते. आपण काहीही घेऊन बसलो तरी त्याच्याकडे त्याहून एक पायरी वरचं असणारच.

आता मी तोफखान्यातला टेक्निकल असिस्टंट. तोफ कुठे बघेल याचा हिशेब करणं हे माझं काम, त्यामुळे भूत दिसलं की आधी त्याचं माप घ्यायची सवय आहे. तुमच्याकडे दोन राजे आहेत. न दिसलेली पानं ५०. त्यांतून दोन पानांच्या जोड्या होतात १२२५. त्यांत दोन्ही एक्के असलेल्या जोड्या किती? फक्त ६. म्हणजे एका विशिष्ट गड्याकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता दोनशेत एक, त्याहूनही किंचित कमी. समोर पाच गडी असले तरी साधारण ४१ डावांत एकदा. ज्या भुताच्या भीतीने पोरगा राजे पॅक करतो, ते चाळीस रात्री घरी झोपलेलं असतं.

दुसरं भूत फ्लशचं. पाचही पानं उघडी झाली, त्यांत तीन इस्पिक, तुमच्या हातात इस्पिक नाही. न दिसलेली पानं ४५, त्यांत १० इस्पिक. दोन-दोनच्या जोड्या ९९०, त्यांत दोन्ही इस्पिक असलेल्या ४५. बरोबर २२ त १. हे गणित दहावीच्या पोराला येतं. आमच्या पोरांनाही येतं, पण फडात त्यांना कुणी ते करू देत नाही, कारण तिथे मर्दानगीची परीक्षा चाललेली असते.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. काही हुशार मंडळी हे २२ त १ ऐकतात आणि म्हणतात, बघा, भीती खोटी, बिनधास्त कॉल करा. हे तर टोमण्यापेक्षा वाईट. २२ त १ हा हिशेब समोरच्याला आंधळेपणाने दोन पानं मिळाली असतील तर आहे. तो गप्प बसलेला नाही, त्याने चाल लावलीय. माणूस चाल लावतो तेव्हा कशावर तरी लावतो. समजा २२ पैकी त्या एका फ्लशवर तो नेहमीच लावतो, आणि बाकीच्या २१ पैकी चार वेळा लावतो, कधी दोन जोड्यांवर, कधी नुसत्या थापेवर. मग चाल आल्यानंतरचा हिशेब ५ त १ झाला. भूत मोठं झालं की नाही? झालं. पण अजूनही ते पाचातलं एकच आहे, आणि आता प्रश्न उरतो की बाकीच्या चारांपैकी तुम्ही किती जणांना हरवता. दोन धरा. म्हणजे पाचांतून दोनदा तुम्ही जिंकणार.

आता किंमत बघा. मध्ये १०० दाणे आहेत, त्याने ५० लावले. तुम्हाला ५० टाकून १५० मिळवायचेत. चारात एकदा बरोबर ठरलात तरी तोटा नाही. तुम्ही तर पाचात दोनदा बरोबर आहात. टाका दाणे. पण समोर जर असा गडी असेल की फ्लशशिवाय त्याचा हातच उठत नाही (प्रत्येक बटालियनमध्ये एक तरी असतो, बहुतेक स्टोअरमन), तर तीच पानं, तीच चाल, आणि तुम्ही मुकाट्याने पॅक करायचं. दोन्ही निर्णय बरोबर. एकात धाडस नाही आणि दुसऱ्यात डरपोकपणा नाही. मला राग येतो तो याचाच, की हा फरक न कळता पहिल्याला शाबासकी मिळते आणि दुसऱ्यावर हसलं जातं.

आम्ही गोळा टाकतो तेव्हा पहिल्याच फैरीत लक्ष्य सापडेल अशी कुणाची अपेक्षा नसते. पहिला गोळा पलीकडे पडतो, दुसरा मुद्दाम अलीकडे टाकायचा. आता लक्ष्य या दोघांच्या मध्ये आहे हे नक्की झालं. मग ते अंतर निम्मं करायचं, पुन्हा निम्मं. देवळालीत हे शिकवतात तेव्हा ‘लक्ष्य अमुक ठिकाणीच असेल’ असं म्हणणाऱ्या पोराला उस्ताद काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पत्त्यांतही समोरच्याच्या हातात ‘अमुकच पानं’ आहेत असं ठरवणारा चुकतो. त्याच्याकडे काय काय असू शकतं याची दोन टोकं धरायची. सुरुवातीला त्याने चाल वाढवली नव्हती, नुसती भरली होती; म्हणजे एक्क्यांची जोडी बहुधा नाही, वरचं टोक खाली आलं. मग तीन पानं उघडल्यावर तो थांबला नाही. म्हणजे अगदीच फालतू पानं नाहीत, खालचं टोक वर आलं. प्रत्येक चालीला अंतर कमी होत जातं. भित्रा नवा खेळाडू काय करतो? वरच्या टोकावर तंबू ठोकून बसतो. आणि ज्याला टोमणा बसलाय तो खालच्या टोकावर. दोघांनीही मधलं अंतर मोजलेलं नाही, आणि माझी तक्रार दोघांच्या शिक्षकांबद्दल आहे.

आपल्याकडे ही भीती तीन पत्तीतून येते असंही माझं निरीक्षण आहे. दिवाळीत घरोघर तीन पत्ती होते, आणि सिनेमात तर नायकाकडे तीन राजे आणि खलनायकाकडे तीन एक्के याखेरीज डावच होत नाही. खरा हिशेब बघा. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत ट्रेल फक्त ५२. आणि ज्यांत काहीच नाही, जोडी नाही, कलर नाही, सिक्वेन्स नाही, असे हात १६,४४०. म्हणजे चारांतले जवळपास तीन हात रिकामे. जोडी मिळाली म्हणजे तुम्ही चारातल्या वरच्या एकात आहात. पण आपल्या डोक्यात सिनेमाचे ५२ हात बसलेत आणि ते १६,४४० कुणी दाखवलेच नाहीत. ब्लाइंड खेळणाऱ्याला अर्ध्या किमतीत बसता येतं आणि पानं बघणाऱ्याला दुप्पट भरावं लागतं, हा त्या खेळाचा नियमच न बघता लावण्याला बढावा देणारा. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा तीन पत्त्यांच्या खेळासारखा तो निव्वळ नशिबाचा नाही, असंही नमूद केलं होतं. मला कोर्टाच्या भाषेत पडायचं नाही. पण ज्याने पत्ते म्हणजे तीन पत्ती एवढंच पाहिलंय, त्याला भीतीवर दोनच औषधं माहीत असतात, आंधळेपणाने लावा किंवा पळा.

कुणी म्हणेल, हा सगळा हिशेब करून पोकर खेळणारे तरी कुठे न घाबरता खेळतात? बरोबर आहे. २००३ ची लास व्हेगासची जागतिक स्पर्धा घ्या. ८३९ खेळाडू, प्रत्येकी १० हजार डॉलर प्रवेश फी. शेवटी दोघे उरले. एक सॅमी फार्हा, मुरलेला व्यावसायिक. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसीतला २७ वर्षांचा अकाउंटंट, ऑनलाइन छोट्या स्पर्धेतून जागा मिळवून आलेला. एका डावात फार्हाकडे नव्वीची जोडी होती आणि मध्ये उघडलेल्या पाच पानांत नव्वीहून मोठं पान नव्हतं. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती. त्याचा फ्लश हुकला होता, सिक्वेन्सही हुकला होता, हातात काही नव्हतं. त्याने सगळे चिप्स पुढे ढकलले. फार्हाने बराच विचार केला आणि पॅक केलं. मनीमेकर ती स्पर्धा जिंकला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला.

हा किस्सा आमच्या फडात कुणीतरी नेहमी सांगतं, आणि शेवटी म्हणतं, "बघा, धाडस केलं म्हणून जिंकला." मला तो किस्सा फार्हाच्या बाजूने बघावासा वाटतो. जन्मभर हाच धंदा केलेला माणूस मोठ्या हाताला घाबरून बरोबर पानं टाकून देतो. त्याला डरपोक म्हणायची हिंमत आहे का कुणाची? तो मोजूनच थांबला होता, त्या डावात मोजणी चुकली. मोजणारा कधीकधी चुकतो, आणि तरीही वर्षाकाठी न मोजणाऱ्याचे दाणे त्याच्याकडेच जातात. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्येच अशा खेळांचं गणित मांडलं, आणि पुढे १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. त्यांनी सोप्या केलेल्या पोकरमध्ये उत्तर असं येतं की मोठी चाल सगळ्यांत चांगल्या पानांवर लावावी आणि सगळ्यांत वाईट पानांवरही. मधल्या पानांवर गप्प राहावं. म्हणजे थाप मारणं हा गणिताचा भाग आहे, छाती किती इंच आहे त्याचा नाही. त्याच गणिताची दुसरी बाजू नव्या खेळाडूने पाठ करावी. समोरच्याने पॉटच्या निम्मी चाल लावली आणि तुम्ही तिनांतून एकदापेक्षा जास्त वेळा पॅक करता, तर तो कोणतीही दोन पानं घेऊन नफ्यात राहील. त्याने पानं बघायचीही गरज नाही. भीतीची किंमत ही अशी मोजता येते, आणि ती मोजून दाखवली तर पोरगं स्वतःहून सुधारतं. हसून दाखवली तर काय होतं, ते आता सांगतो.

आमच्या बॅटरीत एक पोरगा आहे. गाव, नाव काही सांगत नाही, विदर्भातला आहे एवढं पुरे. कष्टाळू, गप्प, रेडिओवर हात चांगला बसलेला. दोन पोस्टिंगमागे बॅरेकमध्ये संध्याकाळी तीन पत्ती चालायची. पैसे लावायला मनाई, म्हणून काडेपेटीच्या काड्या. एका रात्री त्याच्याकडे राण्यांची जोडी होती आणि त्याने ती पॅक केली. राण्यांची जोडी म्हणजे एकटा गडी समोर असेल तर साधारण नऊत एकदाच मार खाणारा हात. समोरच्या सीनियरने आपली पानं उलटी केली. नव्वी, पंजी, दुर्री. अख्खी बॅरेक हसली. त्या रात्रीपासून पोराचं नाव पडलं ‘पॅकसाब’. लंगरच्या रांगेत पॅकसाब, पीटीला पॅकसाब, गार्ड ड्युटीच्या यादीवर कुणीतरी पेन्सिलने पॅकसाब लिहिलेलं. काड्यांच्या खेळावरून.

पोराने नाव पुसायचं ठरवलं. त्याने पॅक करणं सोडलं. काहीही पानं असोत, शेवटपर्यंत बसायचा. काड्या हरायचा, पण लोक आता खांद्यावर हात टाकायला लागले. "अब बना फौजी!" मग तो साठ दिवसांच्या सुट्टीवर घरी गेला. तेव्हा मोबाइलवर पोकरची ॲप जोरात होती, प्रसिद्ध चेहरे जाहिरातीत येऊन सांगायचे की डोकं चालवा आणि जिंका. तो रात्री सगळे झोपल्यावर खेळायचा. परत आला आणि महिन्याभरात प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचा अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. कारण लिहिलं होतं घरदुरुस्ती. त्याचं घर दोन वर्षांपूर्वीच झालेलं मला माहीत होतं. मी दार लावलं, चहा मागवला आणि विचारलं. आधी काही बोलेना. मग आकडा सांगितला, १ लाख ४० हजार, त्यातले बरेचसे कर्ज देणाऱ्या ॲपकडून उचललेले. मी म्हटलं, अरे, हरतोयस हे दिसत होतं ना? तो म्हणाला, "दिसत होतं उस्ताद. पॅकचं बटण तिथंच होतं. पण बोट जायना. वाटायचं, कोणीतरी हसतंय."

खोलीत तो एकटा होता. मोबाइलच्या पलीकडे कोण बसलंय हे त्याला माहीत नव्हतं, त्यांना हा माहीत नव्हता. तरी हसू ऐकू येत होतं.

म्हणून मी म्हणतो की तो टोमणा विनोद नाही. त्याच्याकडे मोठ्या पानाची भीती होती. ती अर्धी खोटी होती आणि अर्धी खरी. खोटा भाग गणिताने गेला असता. टोमण्याने खरा भागही गेला, आणि त्या जागी दुसरी भीती आली, लोकांच्या हसण्याची. पहिल्या भीतीत माणूस काड्या वाचवतो. दुसरीत कर्ज काढतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यावर मला एका साहेबांनी सांगितलं, "आता तुझा प्रश्न मिटला." ॲप बंद झाली याचं मला समाधान आहे, त्यात काही वाद नाही. पण पोराला ॲपपर्यंत कुणी नेलं? आणि जे पॅक करायला लाजतं ते पोरगं पत्त्यांतच लाजेल असं कुणी सांगितलं? उद्या कुणीतरी त्याला दाम दुप्पट करणारी स्कीम दाखवेल, शेअरची टीप देईल, सगळी बॅरेक पैसे भरतेय आणि तू एकटा डरतोस का, असं विचारेल. कायद्याने ॲपवर बंदी येते. फडातल्या हसण्यावर बंदी आणणारा कायदा होत नाही, ते आपल्यालाच बंद करावं लागतं.

आता ज्या साहेबांना वाटतं की भीती घालवायला टोमणाच लागतो, पोरं त्यानेच घडतात, त्यांना एक विचारतो. लेहला विमानातून उतरल्यावर आपण पोराला काय करतो? साडेअकरा हजार फुटांवर पहिले दिवस झोपून राहायला लावतो. सहा दिवस त्याच उंचीवर, मग पुढे चढायचं, तिथे परत थांबायचं, परत चढायचं. पहिल्याच दिवशी जो पळून दाखवतो त्याला आपण शाबासकी देत नाही, त्याला मेडिकलला नेतो. डोकं दुखतंय असं सांगणाऱ्याला कुणी डरपोक म्हटलं तर बॅटरी कमांडर त्याची हजेरी घेतील. तिथे आपल्याला कळतं की भीतीत माहिती असते. मग पत्त्यांपाशी ही अक्कल कुठे जाते?

इथे ट्रान्झिटमध्ये याच सहा दिवसांत पोरांना करायला काही नसतं. बुखारीभोवती बसायचं आणि पत्ते खेळायचे. मी काही दिवसांपासून नव्या पोरांना पोकर शिकवतोय. हो, शिकवतोय. हवालदाराने जुगार शिकवावा का, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पोरं पत्ते खेळणारच, शिकवा किंवा नका शिकवू. आम्ही लंगरच्या राजम्यावर खेळतो. नियम एकच वेगळा आहे. डाव संपला की सगळ्यांनी पानं उघडी करायची, पॅक केलेल्यांनीसुद्धा. आणि नव्या पोराने मोठ्या चालीपुढे पॅक केलं, तर पानं उघडायच्या आधी त्याने सांगायचं की समोर काय काय असू शकतं असं त्याला वाटलं. एक उत्तर चालत नाही. निदान तीन.

पहिल्या रात्री सगळे एकच उत्तर देतात, एक्के. दुसऱ्या रात्री एक्के, नाहीतर फ्लश. तिसऱ्या-चौथ्या रात्री कुणीतरी म्हणतं, "उस्ताद, हा मघाशी पण असाच लावत होता आणि काही नव्हतं, तर थाप पण असेल." तिथून पोरगं शिकायला लागतं. भिंतीवर एक कागद चिकटवलाय, दोन रकाने, ‘भूत होतं’ आणि ‘भूत नव्हतं’. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा बराच लांब झालाय. पण पहिला रिकामा नाही, आणि तो रिकामा नाही हे पोरांनी बघणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. आसामचा एक पोरगा परवा राजांची जोडी घेऊन शेवटपर्यंत गेला आणि समोर खरंच एक्के निघाले. तो पाच मिनिटं कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "चालीस में एक।" आणि पुढचा डाव वाटायला घेतला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काही जण म्हणतात, एवढा हिशेब केला तर खेळातली मजा जाते. ज्यांना मजा हवी त्यांनी मेंढीकोट खेळावा, मीही खेळतो, आरडाओरडा करून खेळतो. पण ज्या खेळात दर पाच मिनिटांनी माणसाला विचारलं जातं की पुढे जायचं की थांबायचं, तिथे थांबायचं कसं हे न शिकवता त्याला बसवणं मला पटत नाही. रेंजवर आपण कुणाला सेफ्टी न शिकवता रायफल देतो का?

विदर्भातला तो पोरगाही या वर्षी आमच्याबरोबर आहे. हप्ते चालू आहेत, अजून काही महिने जातील. पहिले दोन दिवस तो फडात बसलाच नाही, कोपऱ्यात रेडिओची बॅटरी पुसत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याला कागदावर रेघा ओढायचं काम दिलं. आता तोच रकाने भरतो, आणि कुणी पॅक केल्यावर हसलं तर त्याच्या खात्यातून दहा दाणे कापतो. हा नियम माझा नाही, त्याने स्वतः लावलाय आणि कुणी मोडत नाही.

हा लेख वाचून आमच्यातले दोन-तीन साहेब रागावतील हे मला माहीत आहे. त्यांना जाहीर आमंत्रण देतो. शनिवारी संध्याकाळी गेम्स परेडनंतर बुखारीपाशी या. पानं मी पिसणार नाही, ज्याला वाटेल त्याने पिसावीत. दाणे मी देईन, प्रत्येकी शंभर. फक्त राजमा लंगर कमांडरकडून उसना आणलेला असतो आणि तो मोजून परत घेतो, तेव्हा खिशात घालू नका.